किड्यांचा वाढदिवस: तयार किटपेक्षा रविवार पेठ भली

नातवाला यंदाचा वाढदिवस किड्यांचा हवा होता. सुपरहिरो नको, डायनोसॉर नको, किडेच. सोसायटीच्या बागेत उकिडवा बसून मुंग्यांची रांग बघणारा मुलगा, त्यामुळे घरात कुणाला नवल वाटलं नाही. सुनेने किड्यांचं एक तयार किट ऑनलाइन मागवलं, बाकीचं सामान मी पुण्याच्या रविवार पेठेतून आणलं. दोन्ही वापरून झालंय, म्हणून ज्यांच्याकडे असाच हट्ट चालू असेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. मी ब्लाउज शिवते, गेली कित्येक वर्षं. कापड, तार आणि चिकटवायच्या सामानाबद्दल जे लिहीन ते हाताखालून गेलेलं आहे.

आधी किट. त्यात एक तोरण, फुगे, कागदी ताटल्या आणि केकवर खोचायची चित्रं होती. फुगे चांगले निघाले, छपाईही चकचकीत. पण कोळ्याला पाय सहा, मधमाशीला चार, आणि लेडीबगचे पाय थेट पोटाच्या टोकाला चिकटवलेले. नातवाने पहिलाच प्रश्न केला, “आजी, कोळ्याचे दोन पाय कुणी तोडले?” कीटक म्हटला की पाय सहा, शरीराचे भाग तीन: डोकं, छाती, पोट, पाय आणि पंख दोन्ही छातीलाच. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, माशीला आणि डासाला एकच. कोळी कीटक नव्हेच, त्याला पाय आठ. सात वर्षांच्या पोराला हे पाठ आहे. चित्र बरोबर काढायला शाई काही जास्त लागत नाही. आणि सगळ्या किड्यांना दात विचकलेले! ज्या मुलांना किडा दिसला की चप्पल शोधायला शिकवलं जातं, त्यांच्या हातात आणखी अशी चित्रं कशाला द्यायची? मी हे किट पुन्हा घेणार नाही, कुणाला घ्या असं सांगणारही नाही.

आता रविवार पेठ, म्हणजे मुख्यतः बोहरी आळी. पुण्यात वाढलेल्यांना सांगायला नको, पण नव्याने आलेल्यांनी एकदा जरूर जावं. कलाकुसरीचं सामान, प्लॅस्टिकच्या वस्तू, पॅकिंगचे डबे, केकचं साहित्य, सगळं एकमेकांना खेटून. सकाळी लवकर जा, दुपारनंतर गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. गाडी नेऊ नका, कापडी पिशव्या न्या. बऱ्याच दुकानांत माल पाकिटावर मिळतो, सुटा मागितला तर नाही म्हणतात. त्यामुळे दोघी-तिघींनी मिळून घेतलेलं परवडतं. दुकानदारांना बोलायला वेळ नसतो, पण काय करायचंय ते नेमकं सांगितलं तर वस्तू बरोबर काढून देतात. मी “डोक्यावर मिशा करायच्यात, वाकल्या पाहिजेत पण लोंबायला नकोत” म्हटल्यावर त्या माणसाने पाइप क्लीनरची, म्हणजे आत तार असलेल्या केसाळ काड्यांची, दोन पाकिटं समोर टाकली आणि जाडीतला फरक स्वतःच दाखवला.

त्या पाइप क्लीनरला पैकीच्या पैकी गुण. साधे प्लॅस्टिकचे हेअरबँड घेऊन त्यांना हे गुंडाळायचे, की स्पृशा, म्हणजे किड्याच्या मिशा, तयार. गोंद नको, नुसता पीळ पुरतो. मात्र टोकाला आत बारीक तार असते आणि ती बोचते, तेव्हा टोक सेंटीमीटरभर आत दुमडा. खरी गंमत पुढेच आहे. फुलपाखराच्या स्पृशेला टोकाशी गाठ असते, तिथे पॉमपॉम, म्हणजे छोटा मऊ गोंडा, लावला की बरोबर दिसतं. बऱ्याच पतंगांची स्पृशा पिसासारखी, म्हणून जाड केसाळ पाइप क्लीनर घ्या आणि पॉमपॉम लावू नका. मुंगीची कोपरासारखी वाकलेली. रातकिड्याची लांबच लांब, त्यासाठी दोन जोडून घ्यावे लागतात. येणाऱ्या प्रत्येक मुलाला आल्याआल्या आपापला कीटक निवडायला लावला आणि त्याप्रमाणे स्पृशा वाकवून दिल्या. मुंगीवाल्या मुलीने संध्याकाळभर ते कोपर मोडू दिलं नाही.

पंखांसाठी नवं कापड घेऊ नका. कुठल्याही टेलरकडे ऑर्गंझाची कातरणं पडलेली असतात, मागितली तर आनंदाने देतात. कडेने पातळ तार ठेवून त्यावरून पिको मारली की पंख ताठ उभा राहतो. खांद्यात अडकवायला इलॅस्टिक. ऑर्गंझावर ग्लू गन वापरू नका, गरम गोंद जाळीतून आरपार उतरतो आणि डाग कायमचा राहतो. चमकीचं फोम शीटही टाळा. चमकी जमिनीवर, ताटात, मुलांच्या डोळ्यांपाशी, सगळीकडे पोहोचते. साधं फोम शीट उत्तम कापलं जातं आणि स्वस्तही पडतं.

नातवाला मधमाशी व्हायचं होतं. जुन्या पिवळ्या टी-शर्टवर काळी सॅटिनची रिबीन कच्च्या धावदोऱ्याने टाचली, म्हणजे नंतर उसवून शर्ट पुन्हा वापरता येतो. पण दोन हात आणि दोन पाय मिळून चारच झाले की! मग काळे लांब मोजे घेतले, त्यांत चिंध्या भरल्या आणि ते काखेखाली, बरगड्यांपाशी शिवून टाकले. मोज्याच्या टोकापासून मनगटापर्यंत एक दोरा बांधला. हात वर केला की तो मधला पायही वर जातो. सगळ्या समारंभात कशाचं कौतुक झालं असेल तर याचं, आणि खर्च म्हणाल तर एका मोज्याच्या जोडीचा.

काजव्यासाठी बटण सेलचे छोटे दिवे दुकानात सर्रास मिळतात. मी ते घेतले नाहीत. बटण सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेला आतून भाजतं, त्यात हयगय नको. घ्यायचेच असतील तर झाकण स्क्रूने बंद होणारे घ्या. पॉमपॉम आणि हलणारे डोळे यांच्या बाबतीतही घरात तान्हं भावंडं असतील तर तीच काळजी.

खाण्यात छोट्या इडल्यांची अळी सगळ्यांत सोपी. अळीला डोकं सोडून तेरा वळ्या असतात, म्हणून एक डोक्याची आणि तेरा अंगाच्या इडल्या ताटात वळणाने मांडायच्या. पालकाचा हिरवा रंग छान येतो, बीटचा वाफेवर थोडा फिकटतो. मधमाशी बेसनाच्या लाडवाची: लाडू जरा लांबट वळायचा, वितळलेल्या चॉकलेटचे पट्टे ओढायचे, बदामाचे चार काप पंख म्हणून. चारच, दोन नाहीत. श्रीखंडाच्या वाट्यांवर चॉकलेट बिस्किटांचा भुगा म्हणजे माती. जेली करणार असाल तर बाजारातल्या जिलेटिनऐवजी चायना ग्रास घ्या. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं, चायना ग्रास समुद्री शेवाळापासून, आणि ते फ्रिजबाहेरही घट्ट होतं. फक्त ते ठिसूळ असतं, लांब गांडुळं तुटतात. छोटे तुकडेच करा.

खेळ म्हणून संगीतखुर्ची वगैरे काही ठेवलं नाही. बागेतल्या जास्वंदीखाली जुनी पांढरी चादर धरली आणि फांदी हलवली. कीटकांचा अभ्यास करणारे लोकही असंच करतात. चादरीवर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, पडला, मुंग्या पडल्या, छोटे कोळी पडले, आणि एक लेडीबग. ती मावा खाते, हे सांगितल्यावर मुलांनी दोघांना शेजारी ठेवून बघायचं ठरवलं. फांदी हलवण्याआधी झाडावर मोहोळ नाही ना, हे मोठ्या माणसाने नीट तपासायचं.

मग कढीपत्ता. त्यावर लिंबाच्या फुलपाखराची अळी होती. लहान असताना ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, कुणी खायला धजत नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवी. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी दोन शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. सगळी पोरं एकदम मागे सरली आणि लगेच पुढे आली. “परत कर ना आजी!” मी परत केलं नाही, तिला त्रास नको. त्यांना पटलं.

यासाठी भिंगं मी बोहरी आळीतूनच घेतली होती. प्लॅस्टिकची भिंगं स्वस्त, पण पहिल्याच दिवशी चरे पडतात. काचेची थोडी महाग असली तरी तीच घ्या. चार मुलांत एक दिलं तरी चालतं.

परतभेट म्हणून रोपवाटिकेतून लिंबाची आणि कढीपत्त्याची छोटी रोपं आणली. 2015 साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, तेही अंडी घालतं ते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. रोप घेऊन जाताना प्रत्येकाच्या आईवडिलांना एकच सांगितलं: पानं कुरतडलेली दिसली तर औषध फवारू नका.

ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी निदान हेअरबँड, पाइप क्लीनर आणि काचेची भिंगं एवढं घ्यावं, आणि एक जुनी पांढरी चादर. तोरण मुलांकडूनच रंगवून घ्या, पाय मोजायला सांगून.