शेरवुडच्या नावावर विकलेला माउस पॅड

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि इथून घरच्यांना भेटवस्तू पाठवणाऱ्या आपल्या माणसांनी हे जरूर वाचावं. 'आम्हा नवरा-बायकोचा छोटा स्टुडिओ, आता वय झालं, बंद करतोय, उरलेला माल निम्म्या किमतीत' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका, आधी चौकशी करा. मी नॉटिंगहॅमला राहते. रॉबिन हूडच्या या मुलखाचं नाव पुढे करूनच मला फसवलं.

पुण्यातल्या भाच्याला टेबलभर पसरेल असा मोठा माउस पॅड हवा होता. रॉबिन आणि त्याचा धिप्पाड साथीदार लिटल जॉन यांच्या पहिल्या भेटीची गोष्ट त्याच्या फार आवडीची: अरुंद पुलावर दोघं समोरासमोर येतात, मागे कोणीच हटत नाही, लाठ्यांची झुंज होते आणि रॉबिन थेट पाण्यात पडतो. हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराने १८८३ साली हा प्रसंग शाईने रेखाटला आहे. जाहिरातीत तेच चित्र होतं. ९० बाय ४० सेंटीमीटर, शिवलेल्या कडा, खाली जाड रबर, ३४ पौंड. वर 'एडविनस्टो गावात हाताने तयार' आणि 'चित्राचे हक्क फक्त आमच्याकडे'. एडविनस्टो हे खरंच शेरवुडच्या जंगलाला लागून असलेलं गाव आहे. रॉबिन आणि मेरियनचं लग्न तिथल्या चर्चमध्ये लागलं असं लोक सांगतात. हक्कांची बात मात्र साफ खोटी. पाइल १९११ साली वारले, ते चित्र आता कोणीही छापू शकतं.

पाकीट आलं ते चीनमधल्या गोदामातून. आत जेमतेम वहीएवढा पातळ तुकडा, कडा कात्रीने कापल्यासारख्या, रबराचा उग्र वास. आणि चित्र पाइलचं नव्हतंच, कॉम्प्युटरकडून बनवून घेतलेलं भडक रंगीत काहीतरी होतं. रॉबिनच्या हाताला सहा बोटं. त्याच्या लाठीचं दुसरं टोक पुलाच्या कठड्यात विरघळून गेलेलं. लोककथेतला जॉन सात फुटी धिप्पाड. इथे दोघांची उंचीही सारखी आणि चेहराही. ज्या गोष्टीवर इथली मुलं वाढतात तिची ही दशा पाहून मला पैशापेक्षा त्याचाच जास्त संताप आला.

खरा खेळ त्यानंतर सुरू झाला. तक्रार केल्यावर गोड भाषेत उत्तर आलं: वस्तू ठेवा, २० टक्के परत देतो. नाही म्हटलं तर ३० टक्के, मग ५०. शेवटी, 'ऑर्डरप्रमाणे बनवलेला माल परत घेत नाही, घ्यायचाच तर तुमच्या खर्चाने चीनला पाठवा'. पाठवायचा खर्च वस्तूच्या किमतीच्या वर जातो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तुम्ही कंटाळून अर्धे पैसे घ्यावेत आणि मुदत टळून जावी, एवढ्यासाठीच हे सगळं चालतं.

या बोलण्याला अजिबात बधू नका. तुमचं नाव किंवा फोटो छापून घेतला असेल तर गोष्ट वेगळी. तयार चित्र छापलेला पॅड 'खास तुमच्यासाठी बनवलेला' ठरत नाही. ऑनलाइन घेतलेली अशी वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत विनाकारणसुद्धा परत करता येते. वर्णनाप्रमाणे नसेल तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात आणि परत पाठवायचा खर्च विक्रेत्याच्या माथी. पण परदेशातला विक्रेता कायद्याला भीक घालत नाही, म्हणून सरळ बँक गाठा. विक्रेत्याऐवजी कार्ड कंपनीकडे पैसे मागू देणारं क्रेडिट कार्डाचं कलम ७५ शंभर पौंडांच्या वरच्या वस्तूलाच लागू होतं. त्याखालच्या रकमेसाठी, आणि डेबिट कार्डावरही, 'चार्जबॅक' मागा, म्हणजे बँकेने विक्रेत्याकडून पैसे परत ओढून घ्यायचे. मुदत साधारण १२० दिवसांची असते. मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पट्टी शेजारी ठेवून काढलेला पॅडचा फोटो, पाकिटावरचा पत्ता आणि सगळे ईमेल बँकेला दिले. पूर्ण पैसे परत मिळाले.

डॉट को डॉट यूके हा पत्ता जगात कुठूनही विकत घेता येतो, त्यावर विसंबू नका. वेबसाइटवर खरा पोस्टाचा पत्ता आहे का ते बघा, कंपनीचं नाव कंपनीज हाउस या इथल्या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या साइटवर फुकट तपासा, आणि दुकानदारांचा फोटो गुगलला देऊन तो आणखी कुठे वापरलाय ते शोधा. मी तो शोधला तेव्हा तेच आजी-आजोबा दुसऱ्या नावाच्या दुकानात सापडले. तिथे गाव कॉर्नवॉलमधलं आहे, पॅडवर राजा आर्थर आहे, आणि तेही दुकान 'या महिन्यात कायमचं बंद' होतंय.