मालिका की सिनेमा: पटतं काय?

साडेआठची मालिका की कोथरूडला जाऊन सिनेमा? फक्त खरेपणावर तोलू.

कायदा: मालिकेत सही झाली की घटस्फोट. प्रत्यक्षात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार परस्परसंमतीच्या अर्जानंतरही साधारण ६ महिने थांबावं लागतं. आणि शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात कुणी हातोडा आपटत नाही! 'कोर्ट' (२०१४) हा सिनेमा पटतो तो तारखांच्या कंटाळ्यामुळेच.

दवाखाना: दोघेही नापास. मॉनिटरवर सरळ रेघ आली की लगेच शॉक. तिथे शॉकचा उपयोग नसतो; छाती मिनिटाला १००-१२० वेळा दाबावी लागते.

घर: मालिकेत झोपतानाही दागिने. टोमणे मात्र अस्सल.

नात्यांतली धुसफूस हवी असेल तर मालिका बघा. व्यवहार पटायला हवा तर सिनेमा, तोही संथ.