जिप्सीचं डिफरेन्शिअल बाहेर कामाला देताय? आधी क्राऊनचे दात मोजून घ्या

पुण्यात जुनी जिप्सी, जुनी जीप असलं काहीतरी घरच्या घरी सांभाळणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. गॅरेजचं नाव टाकणार नाही, उगाच नवं झेंगट नको. पण माझ्यासोबत जे झालं ते कुठल्याही गॅरेजमध्ये होऊ शकतं आणि गंमत म्हणजे महिनोन् महिने पत्ताच लागत नाही, म्हणून जरा डिटेलमध्ये सांगतो. डिफरेन्शिअल म्हणजे ॲक्सलच्या मधलं गिअरचं युनिट, त्यात इंजिनकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टने फिरणारा छोटा गिअर तो पिनियन आणि पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर म्हणजे क्राऊन.

गाडी ९७० सीसीवाली जुनी जिप्सी. ऑइल, ब्रेक शू, पुढच्या नकलचे सील, पाट्यांचे बुश ही सगळी कामं मी सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतो, खाली पुठ्ठा अंथरून, कारण तेलाचा एक ठिपका दिसला की सेक्रेटरी काकांचा फोटोसकट मेसेज ग्रुपवर आलाच समजा. तर मागून घूंऽऽ असा आवाज यायला लागला होता, पन्नास-साठच्या स्पीडला ॲक्सिलरेटर सोडला की जास्त. ऑइल काढलं तर त्यात धातूची चमक दिसली. म्हणजे पिनियनचं बेअरिंग गेलं. हे काम मात्र घरी होत नाही, प्रेस लागतो, डायल गेज लागतो, शिम (पातळ चकत्या) टाकून क्राऊन-पिनियनचं सेटिंग करावं लागतं आणि ते चुकलं तर नवा सेट पण आवाज करतो.

जिप्सीत एक बरं आहे, प्रोपेलर शाफ्ट सोडला, दोन्ही ॲक्सल थोडे बाहेर ओढले आणि नट खोलले की अख्खं युनिट पुढून हातात येतं. ते मी काढलं, स्वच्छ धुतलं, मला सवय आहे म्हणून खोलताना सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि एका मित्राच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नेऊन दिलं. शेठ एकदम गोड माणूस. "साहेब, दोन बेअरिंग, एक सील आणि सेटिंग, साडेसहा हजारात सगळं." चहा पण पाजला.

दोन-तीन दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो. पिनियनचा एक दात टोकाला तुटलेला. "साहेब हा तर गेलाय, सेटच बदलावा लागेल, नवीन कुठे मिळत नाही, एक चांगला सेट पाहून ठेवलाय, उद्यापर्यंत सांगा नाहीतर तो जाईल." इथे त्यांचा डाव लक्षात घ्या. जिप्सी १९८५ ला आली आणि २०१९ ला बंद झाली, त्यामुळे पार्ट मिळत नाही म्हटलं की कोणालाही पटतं, कारण बऱ्याचदा ते खरंच असतं. मी नाना पेठेत दोन-तीन दुकानांत विचारलं, सगळीकडून नाहीच आलं, मग हो म्हणालो. बिल झालं साडेअठरा हजार. बिल म्हणजे काय, वहीच्या पानावर "डिफरन्स काम पूर्ण" आणि खाली आकडा. जुना पार्ट मागितला तर तो तुटका पिनियन पिशवीत घालून दिला पण क्राऊन नाही दिला, म्हणाले भंगारात गेला.

घरी आणून बसवलं. आवाज थोडा कमी, पण होताच. "जुनी गाडी आहे साहेब, थोडा राहणारच." बरं. मग जुन्या कात्रज घाटात गाडी दमायला लागली, जिथे तिसऱ्यावर निवांत चढायची तिथे दुसरा टाकावा लागायचा. साहजिकच सगळ्यांचा संशय कार्बोरेटरवर, जेट साफ करून झाले, प्लग बदलून झाले, फरक शून्य. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे पूर्वी मीटर ६० दाखवायचा तेव्हा मोबाईलच्या जीपीएसवर ५७ यायचे, जे नॉर्मल आहे, मीटर थोडा पुढेच असतो. आता मीटरवर ६० आणि जीपीएसवर ६३. टायर तेच, हवा तेवढीच.

खरा प्रकार कळला तो पावसाळ्यात वेल्ह्याच्या बाजूला. चिखलात फोर एच (चारही चाकांना ताकद) लावला, मस्त निघाली, चिखलात काही जाणवलंच नाही. पुढे कडक रस्ता लागला आणि गाडी अशी अडायला लागली जणू कोणी हँडब्रेक ओढून धरलाय, पुढचे टायर चर्र चर्र आवाज करत घासतायत आणि लिव्हर काही केल्या फोर एचमधून निघेना. कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये वळताना थोडं जाम होणं वेगळं, हे सरळ रस्त्यावर होत होतं. शेवटी मागच्या एका चाकाखाली जॅक लावला, चाक जमिनीवरून सुटायला आणि टणकन आवाज करून ते झटक्यात फिरायला एकच गाठ. माझा मित्र तिथेच वाकून बघत होता, त्याचा हात वाचला हे नशीब. त्यानंतर लिव्हर आरामात निघाला.

घरी आल्यावर युनिट परत काढलं आणि दात मोजले. क्राऊनला ४१, पिनियनला ११. म्हणजे ३.७३ चा रेशो, पिनियनचे ३.७३ फेरे झाले की क्राऊनचा एक. माझ्या आधीच्या फोटोत दोन्हीकडचे दात मोजता येतात, ३७ आणि ९, म्हणजे ४.११, आणि पुढच्या ॲक्सलला आजही तेच आहेत. जिप्सीत मध्ये डिफरेन्शिअल नाही, फोर एच लावला की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना लॉक होतो. दोन्हीकडचा रेशो सारखा असेल तरच चाकं बरोबर चालतात. इथे फरक दहा टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर चाललं की कुठल्यातरी चाकाला दहा मीटर घासावंच लागणार, आणि घासायला जागा नसेल तर सगळा पीळ ट्रान्स्फर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी). चिखलात चाकं आपोआप घसरतात म्हणून तिथे कळलं नाही. आणि टू एचमध्ये तर फक्त मागची चाकं चालवतात, त्यामुळे वर्षभर शहरात फिरवली असती तरी खरं कारण कळलं नसतं. घाटात दमणं आणि मीटरचा तो फरक, दोन्ही ह्यामुळेच: रेशो कमी झाला की चढाला जोर कमी पडतो, आणि मीटर डिफरेन्शिअलच्या आधीच शाफ्टचे फेरे मोजतो.

अजून ऐका. क्राऊन-पिनियन कारखान्यात जोडीने घासलेले असतात, जोडी कळावी म्हणून दोन्हीवर सारखा नंबर कोरलेला असतो. ह्यात क्राऊनवर एक नंबर आणि पिनियनवर भलताच. म्हणजे दोन वेगळ्या गाड्यांचा माल एकत्र बसवला, म्हणून तो आवाज. आणि "नवीन" बेअरिंगपैकी एक तर जुनंच, पॉलिश मारलेलं. तो तुटका पिनियन? त्याला पण ११ दात. माझा नव्हताच तो.

फोटो घेऊन गेलो. शेठ आधी म्हणाले रेशो-बिशो काही नसतं, मग म्हणाले कंपनीतूनच तसं आलं असेल, मग आवाज चढवला. तेवढ्यात बाजूला काम करणारं पोरगं सहज बोलून गेलं, "काका, तो सेट ना, साताऱ्याची गाडी आलेली तिला लावला." शेठनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारं पान्हा टाकून बाहेरच गेलं. थोडक्यात माझा चांगला सेट दुसऱ्याला विकला, त्याच्याकडून वेगळे पैसे घेतले असणार, आणि मला भंगार लावून माझ्याकडून पण घेतले.

पक्कं बिल नव्हतं, पण यूपीआयची एंट्री होती आणि व्हॉट्सॲपवर तुटक्या पिनियनचा त्यांनीच पाठवलेला फोटो होता, ज्यात ११ दात स्पष्ट मोजता येतात. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करतो म्हटल्यावर जरा नरमले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला फी पण नाही, दोन वर्षांची मुदत असते, हे पण ऐकवलं. नऊ हजार परत आले. बाकीचे देत नाही म्हणतायत, तक्रारीचे कागद तयार करतोय.

तुम्ही काही पण बाहेर देणार असाल, डिफरेन्शिअल, ट्रान्स्फर केस, काहीही, तर समोर उघडायला लावा, दात मोजा, नंबरचा फोटो काढा, आणि तोच दातांचा आकडा चिठ्ठीवर लिहून सही घ्या. खोटं बोलणारा तिथेच कुरकुर करतो. आणि काम होऊन आलेली गाडी न खोलता तपासायची असेल तर सोपं आहे: गाडी सपाट जागी, बाकीच्या चाकांना दोन्हीकडून दगड, गिअर न्यूट्रल, ट्रान्स्फर टू एचमध्ये, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक उचला, जॅकवर भरवसा नको, खाली स्टँड लावा. प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा (दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्याने दोन फेऱ्यांत क्राऊनचा एकच फेरा होतो) आणि शाफ्टचे फेरे मोजा. ४.११ असेल तर चार फेरे होऊन थोडासा पुढे जातो, ३.७३ असेल तर चौथा फेरा पूर्णच होत नाही, पाऊण होऊन थांबतो. मग पुढचं चाक उचलून तसंच करा, फक्त पुढचे दोन्ही हब (चाक ॲक्सलला जोडणारे) लॉक करून. दोन्हीकडे आकडा सारखा आला पाहिजे, नाही आला तर फोर बाय फोरला हात पण लावू नका.

बेअरिंग पण स्वतः नेऊन द्या. खोक्यावर जाऊ नका, खोकी छापून मिळतात. एसकेएफचं घेत असाल तर त्यांचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, फोटो पाठवून खात्री करता येते.

सध्या गाडी टू एचमध्येच चालवतोय, पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून घरात ठेवलाय म्हणजे चुकून कोणी लिव्हर ओढला तरी प्रश्न नाही. ३७-९ चा जोडीचा सेट कोणाकडे असेल तर सांगा, दोन्ही नंबरांचा फोटो पाठवा, पैसे रोख देतो, सुट्टा क्राऊन किंवा सुट्टा पिनियन नकोय. आणि साताऱ्याकडे कोणी नुकताच पुण्यातून सेट टाकून घेतला असेल तर त्याने पण आपले दात एकदा मोजून बघावेत, त्याच्या पुढच्या ॲक्सलला काय आहे देव जाणे.