चार बाटल्या आणि ४२ हजार रुपये

मला कुणी अंधारात ठेवून फसवलं नाही. जे झालं ते डोळ्यांदेखत झालं. गॅरेजवाल्यानं खुर्ची दिली, चहा पाजला आणि सगळं ‘दाखवून’ फसवलं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी २०११ ची स्विफ्ट डिझेल, १ लाख ६८ हजार किलोमीटर पळालेली. इंजिन तेच फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट. मारुती, टाटा आणि खुद्द फियाट यांनी ते इतक्या गाड्यांत बसवलं की गाडीवेडे त्याला गमतीनं ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल बंद केलं तरी आमच्यासारख्यांच्या गाड्या चालूच आहेत. या लोकप्रियतेची दुसरी बाजू मला नंतर कळली. ज्या इंजिनाच्या एवढ्या गाड्या भंगारात निघतात, त्याचे जुने नोझलही बाजारात ढिगानं मिळतात. (इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या इंजेक्टरला आमच्याकडे सरसकट नोझलच म्हणतात. नोझल हे खरं तर त्याचं टोक, पण असो.)

पावसाळ्यात एसी लावला की आत डिझेलचा वास यायला लागला. सकाळी गाडीला दोन-तीनदा सेल्फ मारावा लागायचा आणि थंड इंजिनातून ‘फुस-फुस’ असा आवाज यायचा. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून बघितलं तर तिसऱ्या नोझलच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर आणि उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या रिटर्न पाइपच्या जोडावर ओल. मेव्हण्याला दाखवायला मोबाइलवर दोन-चार फोटो काढले. हे फोटो पुढं कामाला येणार होते. त्याच वेळी कुठून गळतंय ते बघायला मी चालू इंजिनात बोट घालणार होतो. तसं कुणीही करू नका. नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, हजार बारच्या वर दाब जातो. बारीक फटीतून उडालेली डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते आणि मग गाडी नाही, हात दुरुस्त करत बसावं लागतं.

गॅरेज ओळखीच्या माणसानं सांगितलेलं. नाव लिहीत नाही. मालकानं आधी टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि तेलकट बोट माझ्यासमोर धरलं. “टर्बो तेल सोडतोय दादा. हे ३५ हजार वेगळे.” माझा चेहरा बघून म्हणाला, “बरं, ते नंतर बघू. आधी नोझल.”

त्या पाइपात तेलाचा हलका ओलावा जुन्या टर्बो गाडीत असतोच. इंजिनातली तेलकट वाफ ब्रीदर नावाच्या नळीतून तिकडेच जाते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण ३५ हजार ऐकून मी गप्प बसलो आणि निदान तेवढे वाचले.

मग बाटल्या आल्या. सलाइनच्या नळ्यांसारख्या चार पारदर्शक नळ्या त्यानं चार नोझलच्या रिटर्नला लावल्या, खाली चार छोट्या बाटल्या ठेवल्या आणि गाडी दोन मिनिटं चालू ठेवली. चारही बाटल्यांत डिझेल जमलं, जवळपास सारखंच. “बघा की! चारीच्या चारी लीक. मी बोलत नाही, बाटली बोलतीय.”

बाटली खरंच बोलत होती. मला तिची भाषा येत नव्हती, एवढंच. कॉमन रेलचा (सगळ्या नोझलना एकाच रेलमधून डिझेल मिळतं अशा इंजिनाचा) प्रत्येक चांगला नोझलसुद्धा थोडं डिझेल रिटर्नला सोडतो, त्याची रचनाच तशी आहे. ही टेस्ट तुलनेसाठी असते. तीन बाटल्यांत थोडं आणि एकीत दुप्पट-तिप्पट, तर तो एक नोझल आतून झिजलेला. चारही बाटल्यांत थोडं आणि सारखं, म्हणजे नोझलबद्दल बहुतेक काळजीचं कारण नाही. माझे नोझल धडधाकट असल्याचा पुरावा त्यानं मलाच दाखवला आणि तो बघून मी पैसे मोजले. टेस्ट खोटी असती तर कदाचित शंका तरी आली असती.

चार नवे नोझल ५८ हजारांना सांगितले, घासाघीस करून ४२ वर आणले. २० हजार यूपीआयनं दिले. उरलेले रोख, कारण “पक्कं बिल केलं तर जीएसटी लागतोय.” हातात आली ती वहीची चिठ्ठी : ‘नोझल ४ नग, मजुरी’. त्यावर ना गॅरेजचं नाव, ना शिक्का. जुने नोझल मागितले तर म्हणाला, “ते कंपनीला परत द्यावे लागतात, त्याशिवाय हा भाव बसत नाही.”

आठवडाभर गाडी छान चालली. वासही गेला. मग उभ्या गाडीत इंजिन हलायला लागलं, ॲव्हरेज २० वरून १४ वर आलं, आणि गगनबावड्याकडे जाताना मागच्याला माझ्या धुरात रस्ता दिसेना. गॅरेजवाला म्हणाला, “नवीन हायत, सेट व्हायला वेळ लागतोय. नायतर मी म्हटलंवतं, टर्बो.”

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांचे डिझेल पंप आणि नोझल दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी गाडी चालू करायलाही सांगितली नाही. नोझलची डोकी फडक्यानं पुसली, चष्मा वर केला आणि विचारलं, “कोड भरून घेतला का?” कसला कोड, म्हणालो.

प्रत्येक नोझल कारखान्यातून बाहेर पडताना बारीकसा वेगळा फवारा मारतो. तो फरक मोजून अक्षर-आकड्यांचा कोड त्याच्या डोक्यावर कोरतात. तो कोड ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये भरला की कॉम्प्युटर त्या त्या नोझलला किती डिझेल सोडायचं ते जुळवून घेतो. चाचांनी स्कॅनर लावला. ईसीएममध्ये कंपनीतून आलेले चार कोड तसेच होते, कुणी हातही लावला नव्हता. ते कागदावर उतरवले आणि नोझलशी ताडून बघितले.

दोन जुळले. माझेच होते ते. धुऊन, घासून, जागा बदलून परत बसवलेले. पहिल्याचा तिसऱ्यात, तिसऱ्याचा पहिल्यात. माझ्या मोबाइलमधल्या फोटोतही तेच दोन कोड दिसत होते. उरलेले दोन कुणा दुसऱ्या गाडीचे, आणि तपासणीच्या मशीनवर, म्हणजे बेंचवर, चढवल्यावर त्यातला एक थेंब-थेंब गळत होता. माझे दोन्ही मात्र टेस्टला पास. मूळ दुखणं काय होतं? चाचांच्या मते तिसऱ्या नोझलखालचा तांब्याचा वॉशर आणि रिटर्न पाइपचे ओरिंग, म्हणजे रबरी कड्या. वॉशर निकामी झाला की सिलिंडरमधला गॅस बाहेर फुसफुसतो आणि तोच काळा थर जमतो. चारही नोझल काढून बेंच टेस्ट, नवे वॉशर आणि ओरिंग, मजुरीसकट सगळं २४०० रुपयांत उरकलं असतं. वॉशर एकदा उघडला की नवाच घालायचा असतो. माझ्या ‘नव्या’ नोझलखाली जुनेच होते.

मी कोडचा कागद घेऊन गॅरेजवर गेलो. “कोडबिड काय नसतंय, स्कॅनरवाले लोकांना घाबरवत्यात,” इथून सुरुवात झाली. फोटो दाखवल्यावर आवाज खाली आला. तासाभरानं १५ हजार परत आणि फडक्यात गुंडाळलेले दोन नोझल. “हे घ्या तुमचे.” चाचांनी पुसून बघितले, तेही माझे नव्हते! शेवटी दोन रिकंडिशन नोझल घेऊन, कोड भरून गाडी मार्गी लागली. त्याचे ११ हजार वेगळे.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा. यूपीआयचे २० हजार दाखवता येतात, रोखीचे २२ हजार कुठंच नाहीत. जीएसटी वाचवायला गेलो त्याचं हे फळ. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे कागद जमवतोय. तुमच्या गाडीचे नोझल उघडायचे असतील तर गाडी सोडण्याआधी स्कॅनरवरचे चार कोड आणि नोझलच्या डोक्यांचे फोटो तेवढे घेऊन ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

ते फडक्यातले दोन नोझल माझ्या कपाटात पडून आहेत. बायको विचारते, भंगारात घालू का? अजून घातलेले नाहीत. त्यांचे कोड कुणाच्या तरी ईसीएममध्ये अजून तसेच असतील.