कॉलेजचा जिमखाना, बुक बँक, रीडिंग रूम, कँटीन: बेळगावात ॲडमिशन घेणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

सेकंड पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, रिझल्ट लागला की सगळे तेच विचारतात, कॉलेज कसं आहे, सर-मॅडम कसे शिकवतात, रिझल्ट किती लागतो. सोयींचं कुणी विचारतच नाही. आणि खरं तर येळ्ळूर, उचगाव, जांबोटी, खानापूरकडनं येणाऱ्या पोरांचा निम्मा दिवस वर्गाबाहेरच जातो की, बस लवकर म्हणून सकाळी आधी येऊन बसायचं, दोन लेक्चरच्या मधला वेळ काढायचा, ऑफिसची खिडकी उघडायची वाट बघायची. म्हणून हा रिव्ह्यू फक्त विद्यार्थी संघाच्या सोयींचा, म्हणजे फीच्या पावतीवर 'युनियन अँड जिमखाना' म्हणून जे पैसे घेतात त्याच्या बदल्यात काय मिळतं याचा. कॉलेजचं नाव लिहिणार नाही, कारण काही गोष्टी वाईट लिहायच्या आहेत आणि तिथली बरीच माणसं मनापासून काम करतात. शहरातलंच आहे, सीबीटीवरनं, म्हणजे मोठ्या बस स्टँडवरनं, एका बसमध्ये पोचता येतं, राणी चन्नम्मा विद्यापीठाखाली आहे. माझी डिग्री तिथंच झाली, यंदा धाकटा भाऊ जातोय.

सगळ्यात आधी बुक बँक, कारण तिथली सगळ्यात चांगली सोय तीच. जिन्याखाली दोन लोखंडी कपाटं आहेत, वर्षाच्या सुरवातीला डिपॉझिट भरायचं, सेमची पुस्तकं घ्यायची, परीक्षा संपली की परत करायची. ऐकायला साधं वाटतं पण कॉमर्सची सगळी पुस्तकं नवीन घ्यायला गेलं तर गावाकडच्या घरात किती जड जातं ते ज्यांनी घेतलीत त्यांना विचारा. मला मिळालेलं कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक तीन-चार हातांतनं आलेलं होतं, आतल्या पानावर आधीच्या मुलामुलींची नावं, कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये, आणि आत गणितांच्या बाजूला पेन्सिलीनं पायऱ्या लिहिलेल्या, कुठलं गणित कुठल्या वर्षी पेपरात आलं तेसुद्धा. पुस्तक देताना थर्ड इयरची अक्का म्हणाली, "पेन्सिलचं काही खोडू नको हं, तुला पुढचं काही सुचलं तर खाली लिही." मी लिहिलं. माझ्या मागून घेणाऱ्या मुलीनं त्याच्या खाली अजून सोपी पद्धत लिहिली. असलं पुस्तक दुकानात मिळत नाही ओ.

आणि ही बुक बँक मध्यंतरी दोनदा मोडायला आलेली. २०२१ ला एनईपी, म्हणजे नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण, आली, डिग्रीला लागू करणारं कर्नाटक पहिलं राज्य, विषयांची नावं बदलली, पेपर बदलले. मग २०२४-२५ पासून सरकारनं परत तीन वर्षांची डिग्री आणली, पुन्हा नवा सिलॅबस. कपाटातली पुस्तकं रद्दीत जाणार असं सगळे म्हणत होते. तेव्हा वरच्या वर्गातल्या पोरांनी बसून जुन्या पुस्तकातला कुठला धडा नव्या सिलॅबसच्या कुठल्या युनिटला चालतो त्याची यादी केली आणि एकेक चिठ्ठी पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवली. कुणी सांगितलं नव्हतं, मार्क मिळणार नव्हते. जे धडे कशातच बसत नव्हते तेवढ्यांच्या झेरॉक्स काढून फाईल केली. आजही पुस्तक घेताना आधी ती चिठ्ठी बघा, निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

हे एवढं टिकलं कसं ते मला लायब्ररीत जुने वार्षिक अंक चाळताना कळलं. आमच्याकडच्या कॉलेजांचे अंक तुम्ही बघितले असतील, एकाच अंकात मराठी विभाग, कन्नड विभाग, हिंदी, इंग्रजी. जुन्या अंकांत शेवटी सेक्रेटरीचा रिपोर्ट असायचा, निवडून आलेला जीएस (जनरल सेक्रेटरी), मुलींची प्रतिनिधी म्हणजे एलआर, खेळाचा सेक्रेटरी, वादविवाद मंडळाचा सेक्रेटरी, सगळ्यांची नावं, आणि त्याच्या खाली जिमखान्याचा जमाखर्च छापलेला! गॅदरिंगच्या मंडपाला किती, व्हॉलीबॉलच्या नेटला किती, कप-मेडलला किती. त्यातल्या एका रिपोर्टात लिहिलंय की यंदा गॅदरिंगचा खर्च कमी करून उरलेल्या पैशातनं गरजू विद्यार्थ्यांसाठी क्रमिक पुस्तकं घेतली. तीच ही बुक बँक. ती मॅनेजमेंटनं काढलेली नाही, सरकारनंही नाही, पोरांनी आपल्याच गॅदरिंगच्या पैशातनं काढली.

ही जिमखान्याची पद्धत आपल्याकडं जुनी आहे. बेळगावातलं लिंगराज कॉलेज १९३३ चं, लॉ कॉलेज १९३९ चं, आरपीडी कॉलेज १९४५ चं, ही सगळी निघाली तेव्हा विद्यापीठ मुंबईचं होतं. १९४९ ला कर्नाटक विद्यापीठ झालं, मग ते धारवाडला, ५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा पलीकडं, आताच्या महाराष्ट्रात, राहिला, २०१० ला आपलं राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. परीक्षेचा शिक्का बदलत गेला पण प्रत्येक कॉलेजात युनियन आणि जिमखाना राहिला. निवडणुका मात्र राहिल्या नाहीत. कर्नाटकात कॉलेजच्या निवडणुका १९८९-९० च्या सुमारास बंद केल्या, आणि त्या काळातल्या मारामाऱ्यांच्या गोष्टी आमच्या घरातली मोठी माणसं अजून सांगतात, आईबापांना बरंच वाटलं असणार. पलीकडं महाराष्ट्रातही मुंबईत ८९ ला एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि पुढं १९९४ च्या कायद्यानं मार्कांवर प्रतिनिधी नेमायला सुरवात झाली. म्हणजे कारण खोटं नव्हतं.

पण अंकात बघा काय झालं. निवडणुका गेल्यावर पुढच्या अंकांमध्ये प्रतिनिधींचा फोटो आहे, प्रिन्सिपॉलसरांच्या बाजूला रांगेत उभे, सगळे मार्कांवर नेमलेले, हुशार पोरं, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. जमाखर्चाचं पान तेवढं गेलं. एका वर्षी आहे, मग नाही, ते परत आलंच नाही. फी मात्र दरवर्षी घेतात. हिशोब मागायला जाणार कोण, ज्याला कुणी निवडून दिलेलंच नाही तो कुणाच्या जोरावर मागणार? माझा सगळा रिव्ह्यू इथं येऊन थांबतो, कारण बाकीच्या सोयी बघितल्या की दिसतं, जे पोरांच्या हातात राहिलं ते चांगलं चाललंय आणि जे हातातनं गेलं ते ढासळलंय.

रीडिंग रूम हातात राहिलेली. खोली जुनी, कौलारू, पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली ठेवायला लागते, पण किल्ली विद्यार्थ्यांकडं असते आणि परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी असते. भिंती आणि रॅक एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) पोरांनी रंगवलेत, वर्षाला १२० तास काम करायचं असतं त्यातले बरेच तास त्यांनी इथं घातले. पेपर चार येतात, दोन मराठी, एक कन्नड, एक इंग्रजी. मुलींसाठी वेगळी बाजू नाही, पण कधी त्रास झाला नाही, सीनियर बसलेले असतात. शांतता म्हणाल तर घरापेक्षा नक्कीच जास्त. ज्यांना अजून शांत पाहिजे त्यांनी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जावं, १८४८ पासूनची संस्था आहे, तिथं मराठी पुस्तकं भरपूर.

मग जूनमधलं मदतीचं टेबल. हे कॉलेजच्या कुठल्याच माहितीपत्रकात नाही पण मला विचाराल तर पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. गेटच्या आत झाडाखाली सीनियर पोरंपोरी मोबाईल, स्टेपलर, स्टॅम्प पॅड घेऊन बसतात. ॲडमिशन यूयूसीएमएसवर, स्कॉलरशिप एसएसपीवर, बसचा पास सेवा सिंधूवर, तिन्ही सरकारी वेबसाइट, तिन्हीकडं वेगळं लॉगिन, सगळं कन्नड नाहीतर इंग्रजीत, आणि समोरचा मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला, बरोबर आलेल्या वडिलांना तर काहीच वाचता येत नाही. टेबलावरची पोरं मराठीत समजावून सांगतात, कन्नड पोरांना कन्नडमध्ये, कुणाला परत पाठवत नाहीत. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा नंबर, कुठं असतो ते बोट ठेवून दाखवतात. नाडकचेरीतनं (महसूल खात्याच्या ऑफिसातनं) दाखला आधीच काढून ठेवा, आधार बँकेच्या खात्याला लिंक आहे का ते बघून घ्या, नाहीतर स्कॉलरशिप मंजूर होऊनही पैसे अडकतात, हे मला तिथंच कळलं. मुलींना शक्ती योजनेमुळं २०२३ पासून साध्या बसला पैसे पडत नाहीत, आधार दाखवायचं आणि झिरो तिकीट घ्यायचं, पास मुलांनाच काढायला लागतो. चंदगडकडनं येणाऱ्यांनी या टेबलावर आधी बोलून घ्यावं, त्यांचे दाखले महाराष्ट्रातले असतात, त्यांचं सगळं वेगळं पडतं.

आता वाईट. कँटीन पूर्वी विद्यार्थी कमिटी बघायची, दर बोर्डावर लिहायची, हे पण त्याच अंकांत आहे. आता ठेका दिलाय. उप्पीट सकाळी गरम असतं तेवढंच खावं, दुपारनंतर भजी त्याच तेलात, चहा पाणचट, पाण्याच्या टाकीचं झाकण मी उघडंच बघितलंय. तक्रारपेटी आहे, तिला कुलूप आहे, किल्ली कुणाकडं आहे हे ऑफिसमध्ये विचारलं तर एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. डबा आणा, सरळ सांगते.

लेडीज रूमबद्दल लिहिताना मला खरंच राग येतो. आरसा आहे, खुर्च्या आहेत, पॅडचं मशीन पण बसवलंय, पण मी होते तोपर्यंत ते बंदच होतं, आणि नळाला पाणी दुपारनंतर नाही. सकाळी सहाच्या बसनं निघालेली खानापूरची मुलगी चार वाजेपर्यंत काय करणार, पाणीच कमी प्यायचं? बऱ्याच जणी तसंच करतात. एलआर निवडून यायची तेव्हा हाच विषय पहिला असायचा म्हणे, आणि असणारच, कारण मतं मुलींचीच पाहिजेत. लेखी अर्ज आम्ही दिला, सह्या घेऊन दिला, पोच घेतली, पुढं काही नाही.

खेळाचं साहित्य बरं आहे, व्हॉलीबॉल आणि कबड्डीची पोरं चांगली तयार होतात, त्यात मला फार कळत नाही.

निवडणुका परत याव्यात का? मला वाटतं याव्यात, पण जुन्या पद्धतीनं नाही. कॉलेजच्या निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह कमिटीचे नियम २००६ पासून आहेत, उमेदवाराला पाच हजारांच्या वर खर्च करता येत नाही, पोस्टर हातानंच केलेलं पाहिजे, ७५ टक्के हजेरी पाहिजे, गुन्ह्याचा खटला चाललेला किंवा शिक्षा झालेला चालत नाही. महाराष्ट्रानं २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आणली. आपल्याकडं पाळायला काय अवघड आहे? तोवर निदान जमाखर्चाचं ते एक पान अंकात परत छापा, त्याला तर कुठल्या सरकारची परवानगी लागत नाही. आणि पोरांनो, तक्रार तोंडी करू नका. यूजीसीच्या २०२३ च्या नियमाप्रमाणं प्रत्येक कॉलेजात तक्रार निवारण कमिटी असायला पाहिजे, त्यात विद्यार्थी प्रतिनिधीला बोलवायला पाहिजे, तक्रारीवर १५ कामाच्या दिवसांत रिपोर्ट द्यायला पाहिजे, आणि नाही पटलं तर वर विद्यापीठाच्या लोकपालाकडं जाता येतं. आमच्या सह्यांच्या अर्जावर यंदाच्या मुली हाच नियम लिहून परत देणार आहेत, मी त्यांना जुन्या अर्जाची पोच आणि कॉपी दिलीय.

बुक बँक, रीडिंग रूम आणि मदतीच्या टेबलाला पाचपैकी पाच, कँटीनला एक, लेडीज रूमला शून्य. ॲडमिशन घ्यावी का म्हणाल तर घ्या, भावाची पण तिथंच घेतोय. जाताना पावती नीट वाचा, जिमखाना, युनियन, मॅगझिन, रीडिंग रूम, प्रत्येकाची वेगळी रक्कम असते, फोटो काढून ठेवा. बुक बँक पहिल्या आठवड्यातच गाठा, नंतर चांगली पुस्तकं राहत नाहीत. आणि डिपॉझिट टीसी काढायच्या आधी परत घ्या, मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही.