अविवाहित दाखला, अपोस्टिलसकट: काही महिने वापरून

परदेशात लग्न करायचं तर आपण अविवाहित आहोत असा दाखला लागतो, आणि तो तिथे चालावा म्हणून त्यावर अपोस्टिल नावाचा सरकारी शिक्का. माझं लग्न लागलं, त्यामुळे हा माल आता माझ्या उपयोगाचा नाही. ज्यांची फाईल अजून फिरतेय त्यांच्यासाठी लिहिते. कागदांची यादी टाकत नाही, ती तुम्हाला पाठ असेल. मला बोलायचंय ते तारखेबद्दल.

या दाखल्याची सगळ्यात मोठी खोट म्हणजे तो शिळा होतो. जर्मनीच्या नागरी संहितेत (कलम 1309) तर सरळ लिहिलंय की परदेशी माणसाचा विवाहाला हरकत नसल्याचा दाखला दिल्यापासून सहा महिन्यांत लग्न लागलं नाही तर तो बाद. डेन्मार्कमध्ये लग्नासाठी मिळणारं मंजुरीपत्र चार महिने चालतं. आम्ही लग्न केलं तिथेही अशीच मुदत होती, आणि ती सुरू होते दाखल्यावर सही पडते त्या दिवशी, तुमच्या हातात येतो त्या दिवशी नाही. मधे अपोस्टिल, मग कुरिअर, मग भाषांतर, मग लग्नाची तारीख मिळण्याची वाट. मुदतीचा मोठा भाग कागद रांगेत उभा राहूनच संपवतो. आमचा संपला. खिडकीतल्या बाईंनी मजकूर वाचलासुद्धा नाही, तारखेवर पेन टेकवलं आणि फाईल परत सरकवली.

चीड कशाची, तर अपोस्टिलला मुदतच नाही. अपोस्टिल ज्यातून आलं त्या 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारात तशी तरतूदच नाही. शिक्का अमर आणि खालचा कागद मेलेला! नवा दाखला म्हटला की नवं अपोस्टिल, आणि प्रत्येक टप्प्यावर पुन्हा फी. जुन्या शिक्क्याचे पैसे कोणी वळते करून देत नाही, मी विचारून पाहिलंय.

तोवर अपोस्टिलबद्दल माझं मत वाईटच होतं. किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, वर फ्रेंच मथळा, खाली दहा रकाने. आणि सांगतो काय, तर सही, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि शिक्का खरा आहे. मी अविवाहित आहे की तिघांची बायको, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एवढ्यासाठी पैसे?

मत बदललं ते ओळखीतल्या एका जोडप्यामुळे. त्यांच्यातल्या एकाचा देश करारात नाही. परराष्ट्र खात्याचा शिक्का, त्यावर वकिलातीचा, आणि वकिलातीची वेळ मिळेपर्यंत दाखल्याची मुदत गळतेय. आमच्या चौकोनावर कुणी एक शंका काढली नाही. चीनमध्ये हा करार 7 नोव्हेंबर 2023 ला लागू झाला, कॅनडात 11 जानेवारी 2024 ला. त्याआधी तिथून कागद काढलेल्यांना विचारा. खरा हेवा वाटतो तो युरोपीय संघातल्यांचा. 16 फेब्रुवारी 2019 पासून आपसातल्या अशा दाखल्यांना त्यांना अपोस्टिल लागत नाही, आणि सोबत बहुभाषिक फॉर्म जोडला तर भाषांतरही सहसा वाचतं.

एजंटाचं पॅकेज घेऊ नका. आमच्याने तातडीचे पैसे घेऊन आधी भाषांतर केलं आणि मग अपोस्टिल. म्हणजे भाषांतरात शिक्काच नाही! तिथल्या कार्यालयाला शिक्क्यासकट भाषांतर हवं होतं, तेही त्यांच्या यादीतल्या शपथबद्ध अनुवादकाचं. त्या अनुवादकबाईंना मात्र मनापासून पाच तारे. दुसऱ्या फेरीत दाखल्याचा मजकूर तोच, फक्त तारीख आणि शिक्क्याचा क्रमांक बदलला होता, तर त्यांनी बदललेल्या ओळींचेच पैसे लावले. या सगळ्या खटाटोपात स्वस्तात पडलेली ही एकमेव गोष्ट.

दाखला काढण्याआधी लग्न नोंदवणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा की मुदत अर्जाच्या दिवशी शिल्लक असायला हवी की लग्नाच्या दिवशी. दोन्ही प्रकार आहेत. मग तारखा उलट मोजत या, आणि दाखला जितका उशिरा काढता येईल तितका उशिरा काढा. जन्मदाखला आधी काढायचा असेल तर त्याचीही ताजी प्रत लागते का ते त्याच पत्रात विचारून टाका.

आणि लग्न लागल्यावर विवाहदाखल्याच्या दोन-तीन प्रती तिथेच मागून घ्या. अपोस्टिल प्रत्येक प्रतीला वेगळं लागतं, आणि घरी पोचल्यावर परत मागवायचं म्हणजे पुन्हा कुरिअर.