प्रोजेक्टरची परीक्षा अंधारात: मेटल व्हिडिओंसाठी वापरल्यानंतरचा अनुभव

मेटल आणि इंडस्ट्रियल संगीताचे (जड गिटार आणि यंत्रांसारख्या आवाजांच्या कर्कश रॉकचे) व्हिडिओ नीट बघता यावेत, एवढ्यासाठीच मी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर प्रोजेक्टर घेतला. एलईडीचा, 1080 पिक्सेलवाला, पंचवीस हजारांच्या आतला. तेव्हापासून गोव्यात, डिचोलीत आमच्या माडीवर तो जवळपास रोज रात्री चालतो. क्रिकेट आणि सिनेमासाठी कोणता घ्यावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी फक्त या व्हिडिओंपुरतं लिहितोय, कारण ते बहुतेक काळोखात घडतात आणि स्वस्त प्रोजेक्टरचं खरं रूप काळोखातच कळतं.

प्रोजेक्टरला उजेड टाकता येतो, काळा रंग टाकता येत नाही. पडद्यावरचं काळं म्हणजे उजेड न पडलेली भिंत. त्यामुळे पांढऱ्याशुभ्र भिंतीवर सगळा काळोख धुरकट दिसतो. आमच्या चिऱ्याच्या भिंतीच्या गिलाव्याला मी फिकट राखाडी रंग दिला, खिडक्यांना जाड पडदे लावले. महागडं मॉडेल घेऊन जेवढा फरक पडला असता, त्यातला बराचसा रंगाच्या एका डब्यात मिळाला.

सेटिंगमध्ये पहिल्यांदा बंद करायची गोष्ट म्हणजे नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले ठिपके-ओरखडे आपोआप पुसणारी सोय. नाइन इंच नेल्स या इंडस्ट्रियल बँडचा 'क्लोजर' (1994) लावून बघा म्हणजे कारण कळेल. दिग्दर्शक मार्क रोमानेकने तो मुद्दाम एखाद्या जुन्या, विसरलेल्या फिल्मच्या रिळासारखा केला आहे. ओरखडे, धूळ, पिवळट झाक, खुर्चीवर धडधडणारं हृदय. नॉइज रिडक्शन चालू असलं की मशीन ही धूळ पुसून टाकतं, म्हणजे दिग्दर्शकाची मेहनतच पुसतं. एमटीव्हीने तेव्हा आक्षेपार्ह दृश्यं कापून त्या जागी 'सीन मिसिंग' अशी पाटी लावली होती. आज हाच व्हिडिओ न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

'क्लोजर'नंतर लगेच कंट्री गायक जॉनी कॅशचा 'हर्ट' बघावा असं मी प्रत्येकाला सांगतो. गाणं मुळात नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझ्नरचं, दिग्दर्शक पुन्हा रोमानेक. कॅशचं बंद पडलेलं, मोडकळीला आलेलं संग्रहालय त्याने जसं होतं तसं दाखवलं. जिन्यावर उभी राहून नवऱ्याकडे बघणारी जून कार्टर मे 2003 मध्ये गेली, कॅश त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. लहान स्क्रीनवर तिचा चेहरा निसटून जातो. भिंतभर दिसला तेव्हा मला ते गाणं पुढे ऐकवेना, थांबवावं लागलं.

दुसरं सेटिंग मोशन स्मूदिंग, तेही बंद. टूल या मेटल बँडचा 'सोबर' (1993) ही बाहुल्यांची स्टॉप मोशन फिल्म आहे, दिग्दर्शन फ्रेड स्टुअरचं. बाहुल्यांमागचा हात बँडचा गिटारवादक अ‍ॅडम जोन्सचा. त्याने आधी स्टॅन विन्स्टनच्या स्टुडिओत हॉलिवूडसाठी स्पेशल इफेक्ट्सचं काम केलं होतं. बाहुली प्रत्येक फ्रेमला हाताने हलवलेली असते, म्हणून ती अडखळत चालते आणि त्या अडखळण्यातच तिची भीती आहे. स्मूदिंगने मधल्या फ्रेम भरल्या की ती गुळगुळीत चालायला लागते. मग बघण्यासारखं काय उरतं?

आवाजासाठी ब्लूटूथ नको, वायरच लावा. मेटालिका या मेटल बँडचा 'वन' (1989) हा त्यांचा पहिला म्युझिक व्हिडिओ. त्यात 1971 चा युद्धविरोधी चित्रपट 'जॉनी गॉट हिज गन' वापरला आहे. वारंवार रॉयल्टी द्यावी लागू नये म्हणून बँडने त्या चित्रपटाचे हक्कच विकत घेतले. पहिल्या महायुद्धात हातपाय आणि चेहरा गमावलेला सैनिक उशीवर डोकं आपटून मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या कडकट्ट भाषेत बोलतो, आणि उत्तरार्धात डबल बेस ड्रम मशीनगनसारखा सुटतो. ब्लूटूथमुळे आवाज सेकंदाचा पाचवा भाग जरी मागे राहिला, तरी ड्रमर लार्स उलरिकचे हात एकीकडे आणि ठोके दुसरीकडे. साध्या ऑक्स वायरने हे दुखणं गेलं.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. वापर झाला की मशीन थंड होऊ द्यायचं, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद करायचं, नाहीतर लेन्सवर बुरशी धरते. वीज सारखी जाते-येते म्हणून मधे लहान यूपीएस.

आता रामस्टाइन या जर्मन बँडचा 'सोन्ने' (2001). गाणं बॉक्सर विताली क्लिच्कोच्या रिंगणातल्या प्रवेशासाठी लिहिलं गेलं, पण व्हिडिओत बँडवाले झाले हिमगौरीचे बुटके. खाणीत घाम गाळून ते तिच्यासाठी सोनं खणतात आणि तिला त्याच सोन्याचं व्यसन. माझा दादा खाणीवर एक्स्कॅव्हेटर चालवायचा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींच्या 88 लीज रद्द केल्या तेव्हा त्याचं काम सुटलं. एरवी त्याला हे संगीत गोंगाट वाटतं, पण 'सोन्ने' त्याने उभ्यानेच पूर्ण बघितला. मग म्हणाला, "खणणारे काळे पडलेत बघ, आणि ती कशी गोरीपान. हे ज्याने काढलं त्याने खाण बघितलेली असणार." मग त्याने तो परत लावायला सांगितला.

त्याच रात्री मी त्याला सेपल्तुरा दाखवला. हा मेटल बँड ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातला, तेही लोहखनिजाचंच राज्य, आणि तिथली भाषा पोर्तुगीज. 'रूट्स ब्लडी रूट्स' (1996) साल्वादोर शहरात चित्रित झाला आहे. कापोएरा या नाचासारख्या ब्राझिलियन युद्धकलेचे खेळाडू, ढोल, आणि जुन्या गोव्याशी नातं सांगणारं पोर्तुगीज वळणाचं शहर. दादाला ढोल आवडले, गाण्यातली आरडाओरड नाही.

एक तक्रार मात्र राहिली आहे. रामस्टाइनचा 'डॉइचलँड' (2019) नऊ मिनिटांहून मोठा आहे. जर्मनीचा दोन हजार वर्षांचा इतिहास त्यात आहे, आणि गेर्मानियाच्या, म्हणजे स्त्रीरूपातल्या जर्मनीच्या भूमिकेत रूबी कॉमी ही कृष्णवर्णीय अभिनेत्री. त्यातल्या गडद दृश्यांतले बारकावे या मशीनला पेलत नाहीत. भिंत राखाडी केल्यावरही सावल्यांचा एकच गोळा होतो. ज्यांना मुख्यतः असे नवे, गडद व्हिडिओ बघायचे आहेत त्यांनी याच्या दुप्पट पैसे टाकून चांगल्या कॉन्ट्रास्टचा, म्हणजे उजेड-काळोखातला फरक नीट दाखवणारा प्रोजेक्टर घ्यावा. नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओंसाठी हा पुरेसा आहे. फक्त ते चौकोनी चौकटीतच बघा, भिंत भरावी म्हणून ताणू नका.